सायरन, रामरक्षा आणि वीस किलो उकडे तांदूळ: भीती वाटली की माणूस असा का वागतो?

मे २०२५ मधली गोष्ट. ७ मेला देशभर मॉक ड्रिल झालं ते आठवतंय ना? त्याच दिवशी पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली होती आणि आमच्या गोव्यातल्या वास्कोत पण सायरन वाजणार होता. आता वास्कोत राहणाऱ्याला काय सांगायचं, एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला दाबोळीचा नौदलाचा विमानतळ, मधे तेलाच्या टाक्या आणि त्यांच्या मधे आम्ही. दुपारपासून फॅमिली ग्रूपवर जे सुरू झालं ते विचारू नका. मामाने रामरक्षा टाकली आणि खाली लिहिलं, अकरा जणांना पाठवा, थांबवू नका. शेजारची आंटी एरवी रविवारी मिसेला जायला पण कंटाळते, ती संध्याकाळी घरच्यांना बसवून तेर्स, म्हणजे माळ घेऊन करायची ख्रिश्चन प्रार्थना, म्हणायला लागली. माझा चुलतभाऊ, इंजिनिअर, दर चतुर्थीला 'हे सगळं थोतांड आहे' म्हणून आमचं डोकं खाणारा, तो वीस किलो उकडे तांदूळ घेऊन आला. आणि मी? मी झोपायच्या आधी देव्हाऱ्यासमोर दोन मिनिटं उभा राहिलो, जे मी गेली आठ-दहा वर्षं केलं नव्हतं. कोणाला सांगितलं नाही, आता तुम्हालाच सांगतोय.

नंतर विचार करत बसलो की हे नक्की काय झालं आपल्याला. एकाच भीतीने एक जण स्तोत्राकडे, एक तेर्साकडे आणि एक तांदळाकडे कसा काय गेला? मग बरंच वाचलं. त्यातलं जे समजलं ते इथे मांडतोय, जमेल तेवढं सोपं करून.

आधी शरीर, मग देव

मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढे दोन भाग असतात, त्यांना अमिग्डाला म्हणतात. अवघड नाव इथेच संपलं, आता त्याला आपण राखणेचा कुत्रा म्हणू. घराबाहेर बांधलेला कुत्रा कसा, पहाटे पोदेर पों पों करत पाव घेऊन आला तरी भुंकतो आणि चोर आला तरी भुंकतो. आधी भुंकायचं, कोण आहे ते मागाहून बघू. हा कुत्रा भुंकला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हातपाय पळायला नाहीतर मारायला तयार होतात, पोटातलं पचन मंदावतं आणि शांतपणे हिशोब करणाऱ्या मेंदूचं त्या वेळी कोणी ऐकत नाही.

आणि यात कुत्र्याची चूक काहीच नाही हं. काजूच्या बागायतीत पाचोळ्यात खसखस झाली. वारा असेल, घोणस असेल. वाऱ्याला घोणस समजून दचकलात तर नुकसान काय, चार लोक हसतील. घोणशीला वारा समजलात तर? म्हणून आपल्याला 'तिथे कोणीतरी आहे' असं आधी वाटतं, 'कोणी नाही' हे नंतर पटतं. आमच्या गावांमधे देवचार आहे ना, राखणदार, रात्रीचा हातात काठी घेऊन सीमेवर फिरणारा, ज्याला सोरो-रोट म्हणजे दारू आणि जाड भाकरी ठेवतात, विडी ठेवतात, तो मला वाटतं याच अंधारातून आलेला आहे. पण मजा बघा, लोकांनी त्या अंधारातल्या 'कोणीतरी'ला नुसतं भूत म्हणून सोडून नाही दिलं, त्याला गावाची नोकरी दिली. ज्याची भीती त्यालाच राखणेला बसवलं. भोम आणि दुर्भाटच्या बाजूला पौष महिन्यात चिखलाची मगर करून पुजतात, मांगे थापणी, कारण खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात आणि कुंभारजुव्याच्या पाण्यात खरोखरच्या मगरी आहेत. हिशोब तोच.

भीती आणि दहशत यात फरक काय?

खूप आहे, आणि पुढचं सगळं या फरकावर उभं आहे. समोर बैल शिंगं रोखून उभा आहे, ही भीती. कुठून, कधी, काय येणार हेच माहिती नाही, ही दहशत.

लाईटचं उदाहरण घ्या. पेपरात आलं की उद्या नऊ ते पाच लाईट नाही, तर आपण चडफडतो, टाकी भरून ठेवतो, संपलं. पण कधीही जाणार, कधीही येणार असं असलं की दिवसभर जीव टांगणीला, फ्रीजचं काय, मोटर लावू का नको. तास मोजले तर लाईट कदाचित कमीच गेली असेल पण त्रास जास्त.

२०१६ मधे लंडनच्या संशोधकांनी हे मोजलं. ४५ माणसांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, साप निघाला की हाताला छोटासा विजेचा झटका. झटका बसणारच हे नक्की माहीत असायचं तेव्हापेक्षा, बसेल की नाही पन्नास-पन्नास टक्के अशी स्थिती होती तेव्हा लोकांना जास्त ताण आला. म्हणजे वाईट गोष्टीपेक्षा ती येणार का नाही हा टांगलेपणा जास्त छळतो. दहशत माजवणाऱ्याला हे पुस्तक न वाचता माहीत असतं. त्याला सगळ्यांना मारायची गरजच नसते, पुढचा नंबर कोणाचा ते कळू दिलं नाही की झालं.

मग यात श्रद्धा कुठे आली?

मालिनोव्स्की नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. त्याच्या लक्षात आलं की तिथले लोक आतल्या शांत खाडीत मासे धरताना काही मंत्रबिंत्र करत नाहीत, कारण मासे मिळणार हे ठरलेलं. पण तेच लोक उघड्या समुद्रावर निघाले की मंत्र, विधी, पथ्य सगळं आलं, कारण तिथे जीवाची खात्री नाही आणि माशांची पण नाही.

हे वाचलं आणि मला आमचंच वाटलं. खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढायला जाणारी बाई देवाला नारळ फोडून जाते का? पण पावसाळ्यानंतर समुद्रात होडी घालायची तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय जुना माणूस उतरत नाही. आपल्या देवळात प्रसाद लावतात तेच बघा, मूर्तीवर पाकळ्या लावून उजवी पडते का डावी ते बघायचं. कशासाठी लावतात? लग्न जुळेल का, ऑपरेशन करावं का, जमिनीच्या केसचं काय होणार. आज बांगडे आणू की सुंगटं, यासाठी कोणी भटजींना उठवलेलं मी तरी ऐकलं नाही.

म्हणजे जिथे आपल्या हातात कमी आणि डावावर जास्त, तिथे विधी. हे फक्त जुन्या लोकांचं नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं इस्राएलवर पडत होती तेव्हा एका मानसशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांना प्रश्न विचारले. जिथे क्षेपणास्त्रांचा धोका जास्त होता तिथले लोक असल्या गोष्टी जास्त मानत होते, आणि त्या प्रश्नांमधला एक होता, सुरक्षित खोलीत शिरताना उजवा पाय आधी टाकलेला बरा का? उजवा पाय! नवी नवरी माप ओलांडते तसं.

२००८ मधला एक प्रयोग अजून भारी. लोकांना आठवायला सांगितलं, तुमच्या आयुष्यात काहीच हातात नव्हतं असा एखादा प्रसंग. मग त्यांना नुसते ठिपके ठिपके असलेली चित्रं दाखवली, ज्यात काहीच नव्हतं. हातातून सगळं सुटल्याची आठवण ताजी असलेल्यांना त्या ठिपक्यांत आकृत्या दिसायला लागल्या. सुटलेली दोरी मन कुठेतरी बांधू बघतं, खुंटी असो वा नसो.

वास्कोचा नारळ आणि व्हाइसरॉयचा दंड

आमच्या वास्कोचा दामोदर सप्ताह माहीत नसलेला गोंयकार विरळा. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अखंड चोवीस तास भजन, रस्त्यावर फेरी, पार म्हणजे भजनी मिरवणुका, पाय ठेवायला जागा नसते. याचा उगम विचारा तर कोणीही सांगेल, साथ. १८९० च्या दशकाच्या शेवटी वास्कोत प्लेग आला, लोक हैराण झाले, काही जण जांबावलीला दामोदराकडे गेले, तिथून प्रसादाचा नारळ आणला, वास्कोत ठेवला, भजन केलं आणि साथ ओसरली असं सांगतात.

त्या लोकांच्या जागी उभं राहून बघा एकदा. १८९६ ला मुंबईत प्लेग आलेला. जंतू १८९४ मधे हाँगकाँगला सापडला होता, उंदराच्या पिसवांनी पसरतो हे १८९८ ला कराचीत एका फ्रेंच डॉक्टरला लक्षात आलं, हाफकिनची लस नुकती निघालेली. यातलं वास्कोच्या माणसापर्यंत काय पोचलं असेल? घरात उंदीर मरून पडतोय, मग माणूस, आणि का ते कळत नाही. निव्वळ दहशत. तेव्हा एकत्र बसून रात्रभर भजन करणं याला मी तरी वेडेपणा म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट जुन्या गोव्याची. १६८३ चा नोव्हेंबर. संभाजीराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला, जुनं गोवं तिथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय होता कोंदि द आल्व्होर, प्रतिहल्ला करायला गेला आणि मार खाऊन परत आला. मग तो गेला बॉम जेझूस चर्चमधे, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली, आपला अधिकाराचा दंड संताच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला आता तुम्हीच बघा. मराठे परत गेले. पोर्तुगीज म्हणाले चमत्कार, आणि पुढे नवीन व्हाइसरॉय कारभार घेताना दंड तिथूनच घ्यायची रीत पडली. खरं कारण? मुघल शहजादा शाहआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरत होता आणि संभाजीराजांना तिकडे वळणं भाग होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण ज्याने घाबरून कावळ्याला हाक मारली होती त्याला ती फांदी कावळ्यानेच मोडली असं वाटणार.

दोन्ही गोष्टीत एक सारखं आहे बघा. भीतीने नवीन देव काढला नाही. वास्कोचे लोक दामोदराकडे गेले, व्हाइसरॉय झेवियरकडे. जे आधीपासून घरात होतं, हाताला लागत होतं, तेच घट्ट धरलं. भीती म्हणजे मूठ आवळणं, मुठीत काय आहे ते आधीच ठरलेलं असतं. मामाच्या मुठीत रामरक्षा होती, आंटीच्या मुठीत तेर्स, चुलतभावाच्या मुठीत सुपरमार्केट.

मग देव म्हणजे फक्त भीतीच, असं म्हणायचंय का?

नाही. हा आक्षेप येणार हे माहीत होतं. माझी आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची, तेव्हा ती कोणालाही घाबरलेली नसायची, उलट तीच वेळ तिची सगळ्यात मजेत असायची. सवय आहे, प्रेम आहे, संगीत आहे, चार माणसं भेटणं आहे, शिमगा आहे, भीती यातला एक धागा आहे. इतकंच म्हणता येतं की भीती वाढली की हा धागा ताणला जातो. मार्च २०२० मधे कोविड पसरला तेव्हा ९५ देशांतल्या गूगल सर्चचा अभ्यास झाला, प्रार्थना हा शब्द शोधणाऱ्यांचं प्रमाण एकदम वर गेलं होतं. २०११ मधे न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला, तिथल्या झळ बसलेल्या लोकांत श्रद्धा वाढली, बाकी देशात मात्र नाही.

आणि उलटं पण होतं. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बन. ऑल सेंट्स डे, चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप. मग समुद्राची लाट, मग आग. जे प्रार्थनेला गेले होते तेच छताखाली गाडले गेले. एका जेझुइट पाद्रीने लिहिलं की हा देवाचा कोप आहे, आणि व्होल्तेरने विचारलं, कसला कोप, त्या लहान पोरांनी काय केलं होतं? एकच धक्का, एकाची श्रद्धा घट्ट झाली, दुसऱ्याची मोडली.

प्रार्थनेने खरंच काही होतं का?

क्षेपणास्त्र वळत नाही. पण म्हणणाऱ्याला काही होतं, आणि ते सुद्धा प्रत्येक वेळी नाही. २००६ च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्राएलमधल्या धार्मिक बायकांचा अभ्यास झाला. ज्या रॉकेट पडत होती तिथेच राहिल्या त्यांच्यात स्तोत्रं म्हणणाऱ्यांची घालमेल कमी होती. ज्या सुरक्षित भागात निघून गेल्या होत्या त्यांना मात्र स्तोत्रांचा तसा उपयोग दिसला नाही, कारण त्यांच्या काळज्या वेगळ्या झाल्या होत्या, दुसऱ्याच्या घरात राहायचं, पोरं सांभाळायची, पैसे. तिथे हातपाय हलवून काहीतरी करता येत होतं. मला हे फार पटलं. ज्याच्यावर उपाय नाही त्यावर रामरक्षा, ज्याच्यावर उपाय आहे तिथे उपाय. ताप आला तर आजी पण दिष्ट काढायची, मीठ-मिरच्या चुलीत टाकायची, आणि मग आजोबांना म्हणायची, आता दोतोराकडे घेऊन चला.

भीती घालून माणसाला श्रद्धाळू करता येतं का?

हे गोव्याइतकं कोणाला माहीत असणार. १५६० ला इन्क्विझिशन आलं, ते १८१२ पर्यंत चाललं, मधे १७७४ ते १७७८ चार वर्षं बंद. इन्क्विझिशन म्हणजे धर्म नीट पाळता का ते तपासणारं कोर्ट, तुरुंगासकट. त्याच्या आगेमागे देवळं पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि झुआरीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला नेले, तिथे आदिलशहाचा अंमल होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला.

जे मागे राहिले आणि बाटले त्यांचं काय? १७३६ मधे इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढलं. नवीन ख्रिश्चनांनी घरी तुळस लावायची नाही, एकादशी धरायची नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, लग्नात जुनी गाणी म्हणायची नाहीत, अमुक कपडे घालायचे नाहीत. आता जरा डोकं चालवा. पावणेदोनशे वर्षं दहशत घालून झाली आणि तरी तुळस लावू नका असं लिहावं लागतं, याचा अर्थ लोक तुळस लावतच होते! बंदीचा कागद हाच पुरावा. दहशतीने उघडं वागणं बदलतं, तोंड बंद होतं, कपडे बदलतात, नाव बदलतं. आत काय चाललंय तिथे तिचा हात पोचायला पिढ्या जातात, आणि पोचला तरी तो कशाला लागेल ते सांगता येत नाही. आज त्याच माणसांचे वंशज मनापासून ख्रिश्चन आहेत, ते काय कोणाला घाबरून नाही, आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरी मातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून दोन्हीकडची माणसं तेल-फुलं पाठवतात.

आणि हो, एक राहिलंच. मडगावचा देव पण असाच हलवावा लागला होता, जांबावलीला. तोच दामोदर. म्हणजे प्लेगला घाबरून वास्कोचे लोक ज्याच्याकडे धावले तो देवच मुळात जीव मुठीत घेऊन आलेला.

यात वाईट काय आहे मग?

वाईट आहे, आणि ते देव्हाऱ्यात नाही, दारात आहे. मूठ आवळली की आतले आपले आणि बाहेरचे परके हे पण आवळतं. २०१८ मधे मुलं पळवणारी टोळी आली अशा व्हॉट्सअ‍ॅप अफवा फिरत होत्या, १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारलं. मारणारे काय जन्मजात खुनी होते? बाजाराला आलेली साधी माणसं. राखणेचा कुत्रा भुंकला आणि कोणी विचारलं नाही, पोदेर आहे का चोर. आपल्याकडे पण 'भायले' म्हणजे बाहेरून आलेले हा शब्द कधी कुठल्या सुरात येतो ते ऐका, काही वाईट घडलं की दोन तासात ग्रूपवर तो शब्द येतो.

दुसरं, भीती हिशोब चुकवते. ११ सप्टेंबर २००१ नंतर बरेच अमेरिकन विमानाला घाबरून गाडीने जायला लागले. विमानापेक्षा रस्ता जास्त धोक्याचा, पण भीतीला आकडे कळत नाहीत. गिगरेंझर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशोब काढला, पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यावर साधारण १,५०० माणसं जास्तीची मेली. हल्लेखोरांनी न मारलेली.

मी नास्तिक आहे, मला हे लागू नाही

चुलतभावाचं हेच म्हणणं. अरे बाबा, वीस किलो तांदूळ म्हणजे पण नवसच आहे, फक्त देव बदलला. एक मात्र कबूल करतो, या विषयात सगळंच पक्कं नाही. मरणाची आठवण करून दिली की माणूस आपल्या विचारांना जास्त चिकटतो असं सांगणारी एक गाजलेली थिअरी आहे, १९८० च्या दशकातली, टेरर मॅनेजमेंट म्हणतात. बरीच वर्षं ती सगळीकडे सांगितली गेली, पण नंतर अनेक लॅबनी मिळून त्यातला एक प्रयोग परत केला तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. म्हणून मी इथे तिच्यावर काही बांधलं नाही.

१० मेला संध्याकाळी युद्धबंदी झाली. मामाने लगेच ग्रूपवर टाकलं, बघा, रामरक्षेची ताकद. आंटी आईला म्हणाली, सायबिणीन राखले. मी व्हाइसरॉयचा दंड आठवून गप्प बसलो, कारण देव्हाऱ्यासमोरची ती दोन मिनिटं माझ्या पण खात्यावर होती. चुलतभावाच्या तांदळाला चतुर्थीपर्यंत सोंडे लागले, वहिनीने तीन दिवस अंगणात उन्हात घातले आणि त्या वर्षी आम्हा सगळ्यांना त्याच्याकडून दोन-दोन किलो उकडे फुकट मिळाले.